पाणी पिणाऱ्यांचा रकाना

ज्या खात्यात त्याची सव्वीस वर्षं गेली, तिथे घाण साफ करण्याआधी तिला परीक्षेला बसवत. शंभर मार्कांचा पेपर. चाळीस पडले तर जागा यादीत, म्हणजे कधी ना कधी तिथे यंत्र येणार. एकोणचाळीस पडले तर नापास, आणि नापास झालेली घाण होती तिथेच मुरत पडायची. पेपराला तीन रकाने होते. विष कोणतं, ते जमिनीत किती लांब गेलं, आणि ते पाणी किती माणसं पितात. सगळ्यात जास्त मार्क तिसऱ्या रकान्याला. ज्या कोणी हे ठरवलं, त्याला आपण माणसाला केवढं महत्त्व दिलं असं वाटलं असणार.

हे पेपर तो लिहायचा. त्याचं पद नमुना सहायक, म्हणून ऑफिसात सगळे त्याला 'नमुना' म्हणत, आणि त्याच्या तोंडावर म्हणत. बुटका, मान किंचित पुढे काढून चालणारा, खांद्याला खोकं, खोक्यात बारा बाटल्या. बाटली ज्या पाण्याची, त्याच पाण्याने ती तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं, कारण शाई ओघळते. सव्वीस वर्षांत त्याची एकही बाटली प्रयोगशाळेतून परत आली नव्हती. एवढ्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि गर्वाला जागा लहान असली की तो सहसा घट्ट बसतो.

सफाईचा पैसा कारखान्यांकडून यायचा. कायदा चांगला होता, हे कबूल करायला हवं. जो विषारी माल बनवतो किंवा वापरतो, त्याने पिंपामागे कर भरायचा. ज्या खड्ड्यांचे मालक मेले, पळाले किंवा नाव बदलून दोन रस्ते सोडून नवा धंदा थाटून बसले, ते बेवारस खड्डे त्या करातून साफ करायचे. ज्याने सांडलं त्याने पुसावं, हे कुठल्याही घरात लहान पोरालाही शिकवतात. कारखान्यांनी पंधरा वर्षं तो कर भरला आणि पंधरा वर्षं गळा काढला. भरलेला कर त्यांनी मालाच्या किमतीत घातला, बादली महाग झाली, सायकल महाग झाली. बादली आणि सायकल घेणाऱ्यांनी मुकाट्याने पैसे मोजले. रडण्याचा हक्क मात्र कारखानदारांकडेच राहिला.

कायद्याची मुदत पंधरा वर्षांची होती आणि ती ह्या वर्षाअखेर संपत होती. मुदतवाढ मिळणार नाही, हे खात्याच्या शिपायालाही ठाऊक होतं. शेवटच्या तारखेपर्यंत जे खड्डे यादीत येतील, ते जमलेल्या निधीतून साफ होतील. बाकीचे राहतील. म्हणून त्या शेवटच्या महिन्यांत नमुना दिवसाला दोन-दोन पेपर लिहीत होता, आणि त्यातला एक पेपर त्याच्या थोरल्या बहिणीच्या गल्लीचा होता.

गल्लीच्या मागे एक प्लेटिंगचा कारखाना होता. सायकलींच्या हँडलांना, बादल्यांच्या कड्यांना तिथे चकाकी चढवत, आणि चकाकी चढवून उरलेला पिवळा गाळ मागच्या खड्ड्यात ओतत. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली, मालकाचा पत्ता नाही, खड्डा जिथल्या तिथे. बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, तिथे टाक्यांवर एकोणीस वर्षं काढली होती. त्या वाफेने त्यांच्या नाकातला मधला पडदा खाल्ला होता. कुणी पाहुणा आला की ते एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढून दाखवत. वर म्हणत, "कंपनीने एकोणीस वर्षं पोसलं, नाक घेतलं. फिटंफाट." कंपनीला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. गुलामगिरीची सवय हाडात गेली की माणूस तिला निष्ठा म्हणू लागतो.

दोन वर्षांपूर्वी नमुन्याने गल्लीतल्या हापशाचं पाणी तपासलं होतं. जे आलं ते वाचून तो दुसऱ्याच दिवशी रंगाचा डबा घेऊन गेला, हापसा स्वतःच्या हाताने लाल रंगवला आणि दांडा काढून खात्यात जमा केला. पाठपुरावा करून करून गल्लीला नळ आणला. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तो हापसा बघायला जायचा. जायच्या आदल्या दिवशी बहिणीला फोन करायचा, ताई, उद्या येतोय, कारण तपासणी आणि बहिणीकडचं जेवण एकाच फेरीत उरकायचं, आणि बसचं भाडं खातं द्यायचं. ह्यात काही गैर आहे असं त्याला कधी वाटलं नाही. चार वेळा गेला, चार वेळा अहवालात लिहिलं, हापसा बंद, वापर नाही. दोनदा तर पुढे हेही जोडलं की नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं आढळलं, त्यावरून वापर नसल्याचं स्पष्ट होतं. हे वाक्य त्याला फार आवडलं होतं.

आता पेपर लिहायला बसला. पहिल्या रकान्यात एकवीस पडले, दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात शून्य. चौतीस. त्याने तीनदा बेरीज केली, जणू बेरजेला दया येईल. मग कागद साहेबांकडे नेला.

साहेब वाईट माणूस नव्हता, वाईट असायला जे कष्ट पडतात ते त्याने कधी घेतले नव्हते. त्याने चष्मा वर करून कागद बघितला आणि म्हणाला की म्हणजे तुम्हीच नापास केलंत की. हापसा चालू ठेवला असता तर आरामात पन्नास पडले असते. नदीपलीकडच्या जागेवर कुणी ढुंकून बघितलं नाही, तिथली विहीर उघडी, तिला एकाहत्तर पडले. चांगलं काम केलं की असंच होतं, असं म्हणून त्याने चष्मा खाली घेतला आणि कागद परत दिला.

रविवारी तो बहिणीकडे गेला. घरात बहीण, भाऊजी आणि शेजारची शिवणकाम करणारी बाई होती. ती आपलं मशीन बिघडलं की ताईच्या मशीनवर येऊन बसे. सून आत मुलीला निजवत होती. त्याने सगळं समजावून सांगितलं. मुदत, यादी, तीन रकाने, चाळीस, चौतीस. खड्डा आता कधीच निघणार नाही, हे सांगताना तो रडवेला झाला. भाऊजी म्हणाले, कंपनीच्या खड्ड्याने कुणाचं काय घोडं मारलंय. शिवणवाली दाताने दोरा तोडून हसली.

तो चिडला. "हसताय काय? कुणी पीत नाही म्हणून सहा मार्कांनी गेलंय."

"ताई," शिवणवाली म्हणाली, "आता सांगता, की मी सांगू?"

ताईने हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पितो रे आम्ही."

मग सगळं बाहेर आलं, आणि एकदा बाहेर यायला लागल्यावर तिघंही एकमेकांचं वाक्य तोडून सांगू लागली. नळाला पाणी एक तास. तेही गल्लीच्या तोंडाशी. शेवटच्या बत्तीस घरांत नळ उघडला की फक्त फुसफुस व्हायचं. पहिल्याच महिन्यात भाऊजींनी सायकलच्या जुन्या नळीचा दांडा करून हापशाला बसवला होता. गल्ली नमुन्याला मामा म्हणे; मामा उद्या येणार असं कळलं की दांडा काढून माळ्यावर जायचा, हापशाभोवतीचा चिखल राख टाकून सुकवायचे, नळीच्या तोंडाला गंज लागल्यासारखी माती फासायचे. कोपऱ्यावरचा एक निवृत्त पोस्टमन आपल्या संडासातलं कोळ्याचं जाळं काडीवर अलगद उचलून आणून तिथे लावायचा. त्याचा हात त्यात फार बसला होता. अख्खी गल्ली त्याच्याकडे बघायला जमायची.

पांढरा कप ह्या घरात का दिसत नाही, हे नमुन्याला आत्ता कळलं. पांढऱ्या कपात पाण्याचा पिवळेपणा दिसतो, स्टीलमध्ये दिसत नाही.

"मग मी येतो तेव्हा मला जे देतेस ते?"

"तुला नळाचं. आदल्या दिवशी रांगेत उभी राहून एक कळशी आणायचे, वेगळी झाकून ठेवायचे. तुझा स्वयंपाकही त्याच पाण्याचा."

"आणि ही छोटी?"

"तिला उकळून."

"उकळून ते जात नाही, ताई. उकळून उलट दाट होतं."

"हे आज सांगतोयस?"

"मी दोन वर्षांपूर्वी लाल रंग दिला होता."

"रंग दिलास," ताई म्हणाली. "पाणी नाही दिलंस."

तो मघाशी रडवेला झाला होता, आता तेही जमेना. त्याने विचारलं की मग लपवलंत कशाला, मला सांगायचं होतं. ह्यावर ताईने जे उत्तर दिलं ते सरळ होतं. तो इतक्या कौतुकाने नळाचं सांगायचा, अख्ख्या गल्लीत हिंडून हापशाकडे बोट दाखवायचा, की त्याला खाली बघायला लावणं सगळ्यांच्या जिवावर येई. शिवाय बहिणीच्याच गल्लीने भावाचा नियम मोडला, हे ऑफिसात कळलं तर त्याची नोकरी जाईल अशी भीती. म्हणजे एकशे साठ माणसं दोन वर्षं विष प्यायली, आणि एका नमुना सहायकाचं मन मोडू नये म्हणून ती गोष्ट दडवत राहिली. असल्या मायेपुढे कारखानदाराचा लोभ निदान समजण्यासारखा वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि एक तोड सुचवली. वापर नुकताच सुरू झाला असं लिहा, म्हणजे तुमचे जुने अहवाल खरे राहतील. पण नियम नमुन्याला पाठ होता. वर्षभराहून जास्त वापर असेल तरच तिसऱ्या रकान्यात मार्क पडायचे. नुकताच वापर म्हणजे पुन्हा शून्य. खड्डा यादीत यायचा असेल तर चार अहवाल खोटे होते असं लिहून द्यावं लागणार होतं, दुसरा रस्ता नव्हता. साहेब म्हणाले की निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, विचार करा. त्याने विचार केला. फार वेळ लागला नाही, पण त्या वेळात त्याला स्वतःबद्दल बरंच काही कळलं, आणि त्यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

मोजणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी लागते, माणूस, भांडं आणि कशासाठी पाणी नेलं, हे लिहून. मंगळवारी पहाटे साडेपाचला तो फोन न करता गेला आणि हापशाशेजारी पायरीवर तक्ता घेऊन बसला. दांडा बसवलेलाच होता. पहिली बाई त्याला बघून कळशी घेऊन मागे फिरली. दुसरीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जणू पदराने कळशी झाकली जाणार होती. मग ताई आली, सगळ्यांसमोर दांडा धरला, आणि मोठ्याने म्हणाली की लिही, पाच माणसं, प्यायला आणि स्वयंपाकाला, दोन वर्षं. त्यानंतर रांग लागली.

रांग लागल्यावर लाज संपली. दोन वर्षं लपवणारी माणसं आता मार्क वाढावेत म्हणून एकमेकांना पुढे ढकलू लागली. एकाने लग्न होऊन गेलेल्या दोन मुली धरल्या. एकीने गेल्या वर्षी वारलेल्या सासूला धरलं, आणि ती ह्याच पाण्याने गेली असेल तर तिचं डबल लिहा, असं वर ऐकवलं. मागच्या गल्लीतले सात-आठ जण रिकाम्या बादल्या घेऊन आले, मामा, आमचंही घ्या, तेवढाच हातभार. पोस्टमन म्हणाला, जाळं लावणाऱ्याला वेगळे मार्क आहेत का बघा. नमुन्याने मुली खोडल्या, सासू खोडली, मागची गल्ली हाकलली. शिवणवाली म्हणाली, बघा बाई, विषसुद्धा कडक शिस्तीत वाटतोय. संध्याकाळपर्यंत एकशे त्रेसष्ट माणसं भरली. अठरा मार्क. एकूण बावन्न.

समितीची बैठक मुदत संपायला एकोणीस दिवस असताना झाली. लांब टेबल, प्रत्येकापुढे बंद बाटलीतलं पाणी. अध्यक्ष, साहेब, एक डॉक्टर, एक इंजिनिअर, आणि कर भरणाऱ्या कारखान्यांचा प्रतिनिधी. प्रतिनिधी गोरागोमटा, मऊ बोलणारा, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारा. आपण पैसे भरतो म्हणून आपल्याला ह्या टेबलाशी खुर्ची आहे, हे तो एक क्षण विसरत नव्हता. ज्यांनी पाणी प्यायलं होतं त्यांना खुर्ची देण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

त्याने नमुन्याला विचारलं की लाल रंग म्हणजे धोका, हे त्या लोकांना कळत होतं का. कळत होतं, नमुना म्हणाला. तरी प्यायले? प्यायले. मग ही त्यांची स्वतःची निवड झाली, प्रतिनिधी टेबलाकडे वळून म्हणाला, आणि लोकांच्या हट्टाचा भुर्दंड उद्योगांनी का सोसायचा, एवढाच त्याचा नम्र प्रश्न होता.

डॉक्टर आपल्या कागदावर चौकोन काढत होता.

"साहेब," नमुना प्रतिनिधीला म्हणाला, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

प्रतिनिधीला प्रश्न खरोखरच कळला नाही. "येतं म्हणजे? असतंच की."

"हो ना," नमुना म्हणाला. "त्यांनी ते निवडलं नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांना विषयाला धरून राहायची सवय होती. त्यांनी विचारलं की खात्याकडे दोन गोष्टी आहेत, चार अहवाल म्हणतात कुणी पीत नाही, ही मोजणी म्हणते एकशे त्रेसष्ट पितात. ह्यातलं खोटं कोणतं?

"अहवाल."

"कोळ्याच्या जाळ्यासकट?"

"जाळं खरं होतं," नमुना म्हणाला. "अहवाल खोटे."

लिहून द्या, अध्यक्ष म्हणाले. तो उभ्याउभ्या पेन्सिलीने लिहू लागला, तेव्हा साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं. खाली सही केली. बावन्न मार्कांनी खड्डा यादीत गेला. प्रतिनिधीने विरोध नोंदवला नाही. पैसे आधीच भरलेले होते, कर एकोणीस दिवसांत मरणार होता, आणि मेलेल्याच्या उशाशी भांडून कोण वाईटपणा घेणार.

खात्याने नमुन्याचं नमुने घेणं बंद केलं, वेतनवाढ थांबवली आणि त्याला बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलं. नियमाप्रमाणे तीन दिवसांत हापशात काँक्रीट ओतलं गेलं. शेवटच्या बत्तीस घरांसाठी टँकर सुरू झाला, तो एक दिवसाआड येई आणि येईल त्या दिवशी कधी येईल ते सांगता येत नसे. त्याबद्दल गल्लीने नमुन्याला पोटभर शिव्या घातल्या, ताईने सगळ्यांत आधी. त्या त्याने ऐकून घेतल्या. कोणी मन राखत नव्हतं, ह्याचं त्याला थोडं बरंही वाटलं.

यंत्र चौदा महिन्यांनी आलं. खड्ड्याभोवती पत्रे उभे राहिले, पत्र्यावर मोठी पाटी लागली की ही सफाई उद्योगांच्या योगदानातून होत आहे. ताईला पाटीची उंची सोयीची पडली, ती तिच्यावर सतरंज्या वाळत घालू लागली. पांढरे पोशाख घातलेली माणसं पिवळा गाळ झाकणाच्या ट्रकांत भरत. भाऊजी रोज सकाळी पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे राहत आणि घरी येऊन सांगत की खोल आहे, फार खोल आहे, एवढं आपण ओतलं असं वाटलं नव्हतं. कंपनीचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण आता तिची बाजूही घेतली नाही.

एका सुट्टीच्या दिवशी नमुना आला असताना सातवा की आठवा ट्रक बाहेर पडत होता. ताईने विचारलं, हे सगळं नेतात कुठे. चाळीस मैलांवर एक जागा आहे, त्याने सांगितलं, तिथे तळाला जाड प्लास्टिक अंथरलेलं असतं, वर माती, सगळं शास्त्रशुद्ध.

ताई ट्रक वळेपर्यंत बघत राहिली. "तिथे कुणाची बहीण राहते का, बघितलंयस?"

त्याने बघितलं नव्हतं. ते त्याचं काम नव्हतं. आता तर कुठलंच काम त्याचं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो दोन बस बदलून गेला. कुंपण होतं, कुलूप होतं, चौकीत एक पहारेकरी पेपर वाचत होता. प्लास्टिक दिसत नव्हतं, ते खाली असणार. कुंपणापासून हाकेच्या अंतरावर एक घर होतं आणि दोरीवर कपडे वाळत होते. तो तिथपर्यंत चालत गेला. दार एका बाईने उघडलं. खोकं नाही, बाटली नाही, तक्ता नाही, आणि विचारायचा अधिकारही नाही, तरी त्याने विचारलं, "बाई, पाणी कुठून भरता?"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठल्या खात्याचे तुम्ही?" ती म्हणाली. "कारण खात्याला सांगायचं उत्तर वेगळं आहे."